जुन्या सागाचं बाकडं : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार

गॅलरीसाठी बाकडं करायचंय. लांबी चार फूट, रुंदी १४ इंच, उंची १७ इंच. चार पाय, पायांना जोडणाऱ्या चार पट्ट्या आणि वर दोन फळ्यांची बैठक. सांधे कुसू आणि भोकाचे, म्हणजे एका लाकडाच्या टोकाला तासलेली जीभ (कुसू) दुसऱ्यातल्या भोकात बसते. सांध्यात स्क्रू किंवा लोखंडी पट्टी कुठेही घालायची नाही. घरी पहिल्यांदा फर्निचर करू पाहणाऱ्याला ही वस्तू झेपते, आणि टेबल-खुर्चीत लागणारं जवळजवळ सगळं काम हिच्यात येऊन जातं. म्हणून हिच्यापासून सुरुवात करतेय आणि नोंदी ठेवतेय. ज्यांना हेच करायचंय त्यांना पुढे काय काय आडवं येतं ते आधी कळावं.

पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन लाकूड आणलं. नव्या सागाचा भाव परवडत नव्हता. पाडलेल्या वाड्यांचा जुना साग घनफुटाला २२०० रुपयांनी मिळाला. हिशेब स्वतः करून जावा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. दाराच्या चौकटीचा ४ × २½ इंची सात फुटी खांब (०.४९), तसाच साडेतीन फुटी तुकडा (०.२४) आणि दाराच्या ७½ इंच रुंद, सव्वा इंच जाड, सहा फुटी दोन फळ्या (०.७८). एकूण दीड घनफूट, ३३०० रुपये.

सात फुटी खांबातून चारही पाय आणि दोन्ही लांब पट्ट्या निघतात. हे कागदावर मांडून गेले होते म्हणूनच तो खांब निवडता आला. कापण्याचा नकाशा न घेता वखारीत गेलं की लाकूड एकतर दीडपट घेतलं जातं नाहीतर नेमकं एका पायापुरतं कमी पडतं.

१५ जून, शनिवार

हत्यारं. रंधा जुन्या बाजारातून, लोखंडी, गंजलेला, ६०० रुपये. पटाश्या (लाकडाच्या छिन्न्या) तीन, २ सुती, ४ सुती आणि एक इंची, मिळून ९००. उभं चिरायची करवत ४५०, आडवं कापायची बारीक दात्यांची ७००. गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) २५०, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार) २००. रंधा सोडून बाकी सगळं बोहरी आळीत एका फेरीत मिळालं. ड्रिल भावाचं आहे.

इथून पुढे मापं सुतांत लिहिणार आहे. ८ सूत म्हणजे १ इंच. आमच्या गल्लीतले मिस्त्री, ज्यांनी उभी हयात वाड्यांच्या दारा-खिडक्यांत घालवली, ते सुतांतच बोलतात. ती सवय मलाही लागली आणि तिचा फायदा पुढे भोकांच्या वेळी दिसेल.

हत्यारं दाखवायला त्यांच्याकडे गेले तर त्यांनी पहिल्यांदा गुण्या उचलला. "ताई, हा तपासलात का?" फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ मारली, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ. दोन्ही रेघा एकमेकींवर बसायला हव्यात. माझ्या वरच्या टोकाला अर्धा सूत फाकत होत्या. दुकानदाराने बदलून दिला. दुकानात उभं राहून एका मिनिटात होणारी ही तपासणी चुकली असती तर पुढचा प्रत्येक सांधा वाकडा आला असता आणि कारण सापडलं नसतं.

रंध्याचा गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने काढला. धारेसाठी महागडे दगड घेतले नाहीत. जाड काचेचा तुकडा आणि त्यावर चिकटवायला ३२० पासून २००० पर्यंतचे वॉटर पेपर, सगळं २५० रुपयांत. पात्याची पाठ आधी पूर्ण सपाट करायची, आरशासारखी होईपर्यंत, मग पुढचा उतार २५ अंशात आणि शेवटचे चार-पाच हात ३० अंशात. नव्या पटाश्यांच्या पाठी तर अजिबात सपाट नव्हत्या. पूर्ण शनिवार यात गेला. तो घालवावाच लागतो. बोथट पटाशीला जोर द्यावा लागतो, जोर दिला की ती घसरते आणि हात कापला जातो.

२३ जून, रविवार

जुन्या लाकडात खिळे असतात. दिसतात ते सोपे. डोकं तुटून आत राहिलेले, वरून रंगाने झाकलेले, हे खरे त्रासदायक. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून खांबावरून फिरवलं, जिथे ते ओढलं गेलं तिथे खडूने फुली. पटाशीने भोवतालचं लाकूड जरा उकरून पकडीने खिळे काढले. एक खिळा खोल गेलेला होता आणि चुंबकाला जाणवला नाही. तो रंध्याला लागला आणि पात्याला खोक पडली. ती घासून काढण्यात संध्याकाळ गेली.

खांब उभा चिरून आणायला आरागिरणीत नेला होता. जुनं लाकूड म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. एक खिळा लागला तर पट्टीकरवतीचं पातं जातं, त्यामुळे त्यांचं बरोबरच आहे. चिरकाम हातानेच होणार.

दाराची चौकट सोडवताना एक सुंदर गोष्ट दिसली. खांब आणि वरचा आडवा माथा यांच्या सांध्यात लोखंड नव्हतं. कुसवातून आरपार बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि इतक्या वर्षांनीही त्या काढायला खालून ठोके द्यावे लागले. बाकड्याचे सांधे असेच करायचे.

३० जून, रविवार

शनिवार-रविवार दोन्ही चिरण्यात गेले. खांबाचे आधी दोन भाग केले: पायांसाठी ३८ इंच आणि लांब पट्ट्यांसाठी ४६ इंच. मग दोन्ही उभे चिरले.

सागात सिलिका असते, त्यामुळे करवतीची धार लवकर जाते. त्रिकोणी कानस हाताशी ठेवून मध्ये थांबावं लागलं. सागाच्या भुश्शाने नाक आणि मनगटं चुरचुरतात. मास्क आणि चष्मा लावूनच काम करा, आणि काम झाल्यावर कोपरापर्यंत हात धुवा.

खरी अडचण वेगळीच निघाली. खांब चिरण्याआधी चांगला सरळ होता. चिरल्यावर दोन्ही भाग एकमेकांपासून लांब पळाले, धनुष्यासारखे बाकले. लांब पट्टीचा बाक मोजला तर मधोमध पावणेदोन सूत. लाकडाच्या आत ताण असतो. बाहेरचा आणि आतला भाग एकमेकांना धरून असतात, चिरल्यावर ती पकड सुटते. म्हणून जाडी नेमकी ठेवून कधी चिरू नये, निदान दोन सूत जास्त ठेवावी. माझ्या पट्ट्या सव्वा इंचाच्या आल्या आणि मला एक इंचाच्या हव्यात, तेवढ्यात बाक निघेल असं वाटतंय.

मिस्त्रींनी बाकलेल्या पट्ट्या बघून एवढंच सांगितलं, "आता आठवडाभर हात लावू नका. त्यांना काय वाकायचंय ते वाकून घेऊ द्या." पलंगाखाली, खाली-वर वारा लागेल अशा दांड्यांवर ठेवल्यात.

७ जुलै, रविवार

ही नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

घरी फर्निचर करण्याबद्दल जिथे ऐकावं तिथे सांध्यांबद्दल ऐकायला मिळतं. सांधा म्हणजे कौशल्य असं मनात बसतं. प्रत्यक्षात माझा जास्तीत जास्त वेळ लाकूड सरळ, सपाट आणि काटकोनात आणण्यात गेला. ते जमलं की सांधा निम्मा तिथेच होतो. ते जमलं नसेल तर कितीही चांगली पटाशी असो, पाय चार दिशांना बघतात.

क्रम असा. तुकड्याची एक बाजू निवडायची, तिचा पीळ (दोन टोकं उलट दिशांना वळलेली असणं) आधी काढायचा. पीळ नुसत्या डोळ्याला दिसत नाही. दोन सारख्या रुंदीच्या सरळ पट्ट्या तुकड्याच्या दोन टोकांना आडव्या ठेवायच्या आणि एका टोकाकडून खाली वाकून त्यांच्या वरच्या कडा एका रेषेत येतात का बघायचं. येत नसतील तर जी दोन कोपऱ्यांची जोडी उंच आहे तेवढीच रंधायची, मग पुन्हा बघायचं. पीळ गेला की लांबीचा बाक. पोकळ बाजू खाली ठेवली तर तुकडा डुगडुगत नाही, पण रंधा मारताना मधे दबतो आणि हात उचलला की परत वर येतो. दोन दिवस मला हे उमगत नव्हतं, फळी रंधताना सपाट आणि उचलल्यावर वाकडी. मधे कागदाच्या घड्या सारून आधार दिल्यावर प्रश्न मिटला.

एक बाजू खरी झाली की पेन्सिलीने तिच्यावर खूण. मग शेजारची कड गुण्या लावून तिच्याशी काटकोनात, तिच्यावरही खूण. आता मार्किंग गेज या दोन खुणेच्या बाजूंनाच टेकवून बाकीच्या दोन बाजूंची जाडी आणि रुंदी आखायची आणि रेघेपर्यंत रंधायचं. पुढची सगळी आखणी खुणेच्या बाजूंवरूनच. समोरासमोरच्या बाजूंवरून आखलं की दोन आखण्यांतला फरक थेट सांध्यात उतरतो.

बैठं काम मिस्त्री पायाच्या अंगठ्याने तुकडा धरून करतात, मला तो जोर येत नाही आणि कंबर धरली. भिंतीला टेकवून एक जाड फळी जुन्या स्टुलांवर ठेवली, तिच्या भिंतीकडच्या टोकाला चार सुती पट्टी अडकण म्हणून ठोकली. तुकडा त्या पट्टीला टेकतो आणि रंध्याचा धक्का भिंत घेते. वेगळं सुतारी टेबल घेण्याची गरज पडली नाही.

पाय चौदा सूत चौरस निघाले, पट्ट्या आठ सूत जाड. ठरवल्याप्रमाणे.

२१ जुलै, रविवार

भोकं. पट्टी ८ सूत, तिचा कुसू मधला ४ सूत, दोन्ही बाजूंना २-२ सुतांचे खांदे, म्हणजे पायाला बाहेरून टेकणारा भाग. पाय १४ सूत, भोक मधोमध ४ सूत, दोन्हीकडे ५-५ सूत लाकूड शिल्लक. सुतांत मोजल्याचा फायदा हा: अपूर्णांक कुठेच नाही. आणि ४ सुतांची पटाशी स्वतःच भोकाची रुंदी ठरवते.

ड्रिलने भोकं पाडून मग पटाशीने साफ करायची पद्धत दोन भोकांवर करून बघितली. भोकाच्या भिंती लाटालाटांच्या झाल्या. नुसत्या पटाशीने, मधून सुरुवात करून टोकांकडे जात, बाजू स्वच्छ येतात आणि वेळही फारसा जास्त लागत नाही. खोली १० सूत. पटाशीला चिकटपट्टी लावून खूण केली.

पायाच्या वरच्या टोकाला इंचभर लाकूड जास्त ठेवायचं असतं, सांधे झाल्यावर ते कापून टाकतात. त्या टोकाजवळच भोक येतं आणि पटाशीचे ठोके बसले की टोक फुटू शकतं. एका पायाच्या टोकाला खिळ्याची जुनी भेग होती म्हणून तिथे हे जास्तीचं लाकूड राहिलं नव्हतं, आणि तोच पाय फुटला. भेगेत फेविकॉल खोलवर सोडून सुतळीने आवळून ठेवला. फूट उभ्या शिरेत (लाकडाच्या तंतूंच्या दिशेने) सरळ गेलेली होती, त्यामुळे सांधली गेली. आडवी गेली असती तर पाय नवा करावा लागला असता.

पायात दोन भोकं काटकोनात येतात आणि आत एकमेकांना भेटतात. म्हणून कुसवांची टोकं ४५ अंशात कापावी लागतात, नाहीतर दुसरा कुसू पूर्ण आत जात नाही.

२८ जुलै, रविवार

२५ तारखेच्या पावसाने पुण्याची दैना केली, सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. आमच्याकडे वीज आणि रस्ता एवढाच त्रास. लाकडाला मात्र हवेतला ओलावा लागला. मागच्या आठवड्यात मोकळे बसणारे दोन कुसू आता हातोडीशिवाय जाईनात. ते तासले नाहीत. ओल्या हवेत तासून नेमके बसवलेले कुसू हिवाळ्यात सैल पडतील. खोलीत पंख्याखाली ठेवले, मग पुन्हा बसू लागले.

एक कुसू खरोखरच सैल झाला आहे, करवत रेघेच्या आत गेली. सैल कुसवात फेविकॉल भरून चालत नाही. दोन लाकडं घट्ट भिडली तरच तो पकडतो, पोकळी भरायचं काम त्याचं नाही. रंध्याने सागाचं लांब पातळ सालपट काढलं, कुसवाच्या एका गालावर (सपाट बाजूवर) चिकटवलं, सुकल्यावर तासून नेमकं केलं. शिरेची दिशा कुसवासारखीच ठेवायची.

११ ऑगस्ट, रविवार

आधी सगळं कोरडं जोडून पाहिलं. पाय आणि पट्ट्यांच्या चौकटीचे कर्ण दोरीने मोजले, दोन्ही सारखे असतील तरच चौकट काटकोनात. तीन सूत फरक. एका छोट्या पट्टीचा खांदा तिरका होता, तो पटाशीने उतरवल्यावर फरक अर्ध्या सुताच्या आत आला.

साग तेलकट असतो. जोडायचा भाग ताजा तासलेला हवा, आणि चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचा. पावसाळ्यात फेविकॉल सुकायला वेळ लागतो, मी रात्रीऐवजी पूर्ण दोन दिवस दिले.

लांब शिकंजे (सांधा चिकटेपर्यंत दाबून धरणारी हत्यारं) महाग आहेत. एक जोडी घेतली असती तरी बाकड्याच्या बाकीच्या सगळ्या हत्यारांच्या निम्मे पैसे गेले असते. त्याऐवजी दाराच्या चौकटीत होत्या तशा बांबूच्या खुंट्या. पायात ३ सुती भोक आरपार ड्रिल केलं, कुसू आत सारून भोकाची खूण कुसवावर घेतली, कुसू काढला आणि त्यावरचं भोक खांद्याच्या बाजूला पाव सूत सरकवून पाडलं. आता खुंटी ठोकली की ती कुसवाला आत ओढते आणि खांदा पायाला घट्ट बसतो. सागात पाव सुतापेक्षा जास्त सरकवू नका. तुकड्यावर अर्धा सूत करून पाहिलं तर खुंटी आत चुरडली. बांबू चांगला वाळलेला हवा, टोक पेन्सिलीसारखं निमुळतं.

१८ ऑगस्ट, रविवार

बैठकीच्या दोन फळ्यांच्या कडा जोडायच्या. दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या मिटून, कडा वर करून एकदम रंधल्या. रंधा जरी किंचित तिरका गेला तरी उघडल्यावर दोन्हींचे कोन एकमेकांना पूरक होतात आणि वरची पातळी सपाट राहते. उजेडासमोर धरल्यावर फट दिसता कामा नये.

दाबासाठी फळ्यांभोवती नारळी दोरी दुहेरी गुंडाळली, दोन पदरांत काठी घालून पीळ दिला. पहिल्यांदा पीळ जास्त झाला आणि फळ्या मध्यभागी उचलल्या. वर-खाली आडव्या दांड्या बांधून मग पुन्हा पीळ दिला. दांड्या आणि फळी यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद ठेवा, नाहीतर दांड्यासुद्धा चिकटतात.

१ सप्टेंबर, रविवार

बैठक पायांवर बसवली. इथे बऱ्याच घरगुती टेबलांचा घात होतो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं. बैठक पट्ट्यांना चिकटवली किंवा स्क्रूने जखडली की हिवाळ्यात तिला आकसायला जागा उरत नाही आणि ती मधोमध तडकते. म्हणून पट्ट्यांच्या आतल्या बाजूला खाचा केल्या, सागाचे छोटे ठोकळे तासले. ठोकळ्याचा एक ओठ खाचेत, दुसरा भाग स्क्रूने बैठकीला. बैठक खाली ओढलेली राहते आणि रुंदीत सरकूही शकते. पावसाळ्यात बैठक फुगलेली असल्यामुळे छोट्या पट्ट्यांच्या खाचा आतल्या बाजूला दीड सूत लांब ठेवल्या.

पाय डुगडुगत होते. सपाट काचेवर ठेवून तीन पाय टेकले आणि चौथा पाऊण सूत वर. तो चौथा पाय सोडून बाकी तिन्हींवर पातळ फळीच्या तुकड्यावर टेकवलेल्या पेन्सिलीने रेघ मारली, सारखं कापलं. सगळ्यात आखूड पायावर माप धरायचं.

२२ सप्टेंबर, रविवार

गणपतीत काम बंद होतं. आता पॉलिश. पेपर ८०, १२०, १८०, २२०, शिरेच्या दिशेनेच. उकळलेल्या जवसाच्या तेलाचा एक पातळ हात दिला, जास्तीचं पुसलं, आठवडाभर सुकू दिलं.

तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी एक-एक पसरून बाहेर वाळवावी, मगच टाकावी.

चपडा लाख ७५ ग्रॅम अर्धा लिटर स्पिरीटमध्ये, काचेच्या बरणीत रात्रभर. लोखंडी डब्यात लाख काळवंडते. कापसाचा बोळा मलमलीत बांधून हात मारले. पहिले दोन छान बसले, तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि बैठकीवर पांढरट झाक आली. हवेतला ओलावा लाखेच्या थरात अडकला होता. त्यावर पुन्हा लाख मारून ती झाक झाकली जात नाही. तसंच सोडून दिलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

पाऊस मागे हटला. काल दसऱ्याला रंधा, करवती आणि पटाश्यांची पूजा केली, झेंडूची फुलं वाहिली. आज कोरड्या उन्हाच्या दिवसात नुसत्या स्पिरीटचा ओलसर बोळा पांढऱ्या झाकेवरून हलक्या हाताने फिरवला. लाखेचा थर पुन्हा मऊ होतो, ओलावा निघून जातो. झाक गेली. वर आणखी तीन पातळ हात.

खर्च असा झाला: हत्यारं आणि धारेचं साहित्य ३३५०, लाकूड ३३००, फेविकॉल १५०, तेल-लाख-स्पिरीट-पेपर ६००. एकूण ७४००. हत्यारं पुढेही आहेतच, त्यामुळे दुसरी वस्तू निम्म्यात होईल.

१९ जानेवारी २०२५, रविवार

थंडीत मुद्दाम मोजलं. सप्टेंबरमध्ये १४ इंच असलेली बैठक पाऊण सूत आकसली आहे. ठोकळे खाचेत त्याप्रमाणे सरकलेत, त्यांच्या मागची जागा स्पष्ट दिसते. तडा कुठेही नाही. दोन ठोकळ्यांचे स्क्रू जरा सैल वाटले, अर्धा पीळ आवळले. सालपट चिकटवलेला कुसू इतरांसारखाच घट्ट आहे. सुतळीने सांधलेल्या पायाची फूट नखाला लागत नाही.

मिस्त्री येऊन बाकड्यावर बसले, खालून हात फिरवून ठोकळे चाचपले आणि छोट्या पट्टीचा खांदा दाखवला. तिथे नख जाईल एवढी फट आहे. ही पट्टी खांबातून न येता साडेतीन फुटी तुकड्यातून आली होती. तो तुकडा मी चिरल्यावर पलंगाखाली न ठेवता लगेच रंधला होता. पुढच्या वस्तूसाठी, पुस्तकांच्या मांडणीसाठी, फळ्या कालच आणून पलंगाखाली दांड्यांवर ठेवल्यात. महिनाभर त्यांना हात लावणार नाही.